खरा पट

कोल्हापूर,
१३ जून १९७४

प्रिय सरोजिनी,

हे पत्र आणणाऱ्या आकाराम शिपायाकडे एक सरकारी लखोटाही आहे. तो फोडू नकोस, आधी हे वाच. दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याबद्दल हवं तेवढं बोल. धीरच होत नव्हता.

गेल्या वर्षीची तपासणी आठवते? विस्तार अधिकारी म्हणून मी पहिल्यांदाच तुझ्या वाडीवर आले होते, आणि तू एकटी बाई पटावरची एक्केचाळीस मुलं दाखवायला धडपडत होतीस. हिरव्या परकरातली पोरगी आदल्या दिवशी शेजारच्या वाडीत मला बयाबाई म्हणून भेटलेली. तुझ्याकडे ती चिमणाबाई झाली! तपासणीला उसनी मुलं आणायची रीत सगळीकडचीच. मी पोट धरून हसले, आणि मग शहाणपण शिकवलं, की खरा पट लिही, नवीन योजनेत कमी पटाच्या, कच्च्या शाळांना दुसरा शिक्षक मिळणार आहे. माझ्यावर भरवसा ठेवून तू एकोणीस नावं खोडलीस. उरली बावीस. तुझी शाळा झाडणारी तानाबाई दारातून म्हणाली होती, "बाई, कागदावरनं पोरं काढू नगासा, शाळाच उचलून न्हेतील की." तिला सहीसुद्धा येत नाही. ट्रेनिंगला आपल्या वर्गात पहिली आले होते मी.

योजना आली. पंचायत समितीच्या बैठकीत एका सभासदांनी विचारलं, बावीस पोरांसाठी एक शिक्षक कशाला अडकवायचा, कोडोलीला दिला तर साठ पोरांचं भलं होईल. मी बोलले गं, शपथेवर सांगते. चौथीतल्या तुझ्या सहा मुली ओढा ओलांडून कोडोलीपर्यंत सात किलोमीटर चालणार नाहीत, घरीच बसतील, हेही सांगितलं. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला. कच्ची शाळा कमी झाल्याने तालुक्याचा निकाल सुधारेल, असं टिपणात लिहिलंय. सुधारेलच. तुझी मुलं आता कुठल्याच निकालात धरली जाणार नाहीत.

लखोट्यात तुझ्या बदलीचा आणि शाळा बंद करण्याचा आदेश आहे. 'विस्तार अधिकाऱ्यांच्या अहवालानुसार', असं त्यात म्हटलंय. तो अहवाल माझा. फळा आणि कपाट न्यायला सोमवारी गाडी घेऊन मलाच यायचंय. मला पाहून मुलांना तपासणीच वाटेल. डोक्याला तेल लावून, धुतलेले कपडे घालून रांगेत उभी राहतील, नमस्ते म्हणतील. तेवढं नको गं. मी यायच्या आधी त्यांना घरी पाठव.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
कालिंदी