लग्नपत्रिकेचं गॅस्केट

अण्णा, गेल्या महिन्यात एका रविवारी लातूरला दाजींच्या शेडमध्ये मी तुमचं काम उघडून पाहिलं, आणि मला तुमची किळस आली. असं वाक्य तुम्हाला उद्देशून कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल कोणी वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही, आणि बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. मी कमी बोलतो हे तुम्हाला माहीत आहे. मोजणी खात्यातल्या नोकरीला ते बरं पडतं. दिवसभर बांधावर टेप धरून उभं राहायचं, दोन्हीकडची माणसं भांडत असतात, मी आकडा सांगतो आणि निघतो. हे मात्र आकडा सांगून निघून जाण्यासारखं नाही.

आधी दाजी काय करताहेत ते सांगतो. उदगीरचं पेंडीचं दुकान भावाच्या ताब्यात देऊन ते आणि अक्का लातूरला राहायला आले, त्यालाही बरीच वर्षं झाली. दाजी आता पंचावन्नचे आहेत. गेल्या दिवाळीपासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते शर्यतीची गाडी बांधत आहेत. वळणावळणाची शर्यत नाही. सरळ रस्त्यावर उभ्या जागेवरून सुटायचं आणि चारशे मीटर संपेपर्यंत जीव खाऊन पळायचं. त्याला ड्रॅग म्हणतात, सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. दाजींनी भंगारातून एका जुन्या मोटारीचा सांगाडा आणला. वजन कमी करायला मागची सीट, दारांच्या काचा, गाद्या, सगळं काढून टाकलं, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला, आणि पुढे अपघातात गेलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं. शिकले ते मोबाइलवर बघून आणि हात भाजून घेऊन. अक्का म्हणते, "नातवंडं खेळवायच्या वयात ह्यांनी सोतालाच खेळणं आणलंय. चार जुड्या मेथी ठिवायला जागा न्हाई त्यात." मी मुदखेडहून महिन्यातले दोन रविवार जातो. पाने देतो, मापं घेतो. मला ते बरं वाटतं. नांदेडला तुमच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात मला कधी एवढं बरं वाटलं नाही.

असल्या गाडीला मागचा ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, दणकट लागतो. एका झटक्यात सगळा जोर मागच्या चाकांवर येतो, लहान गाडीचा ॲक्सल पिळवटून जाईल. दाजींनी त्यासाठी जीपचा काढला. तीच जीप, अण्णा, जी तुम्ही स्वतः दुरुस्त करून अक्काच्या लग्नात दिलीत. नांदेडला मांडवासमोर झेंडूच्या माळा घालून उभी केली होती. पाहुण्यांना बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकवत होतात, आणि कोणीतरी म्हणालं होतं, "मिस्त्रीनं लेकीला सोनं कमी घातलं पण लोखंड लई घातलं," तेव्हा तुम्ही किती खूश झाला होतात. सहा महिन्यांत ती जीप मागून ओरडायला लागली. पहिल्या दिवाळीला अक्काला घेऊन नांदेडला येताना देगलूरच्या पुढे रस्त्यावरच जाम झाली. आपण दोघं गेलो होतो आणायला. अक्का लिंबाखाली बॅगेवर बसली आहे, दाजी शर्टाच्या बाह्या काळ्या करून चाकाजवळ उकिडवे बसले आहेत, बघ्यांचा घोळका जमला आहे. तुम्ही गाडी नुसती ढकलून बघितलीत, मागचा आवाज ऐकलात, काहीही न उघडता ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा निकाल दिलात. "क्राउन गेला. जावईबापू, गाडी चालवायची असती, हाणायची नसती. क्लचवर तुमचा पाय हाय का दगड?" घोळका हसला. मीही हसलो. दाजी तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांनी मान खाली घातली आणि किल्ली तुमच्या हातात दिली.

जीपला आता कोणी हात लावू नये असं तुम्ही बजावलंत, आणि ती उदगीरला दुकानामागे ताडपत्रीखाली गेली. दाजींनी पुढे ड्रायव्हर ठेवला. त्यांना गाडी जमत नाही हे आपल्या घरात ठरून गेलं. कुठल्याही कार्याला निघताना मी म्हणायचो, "दाजींना पुढं बसवू नका, गाडीचा क्राउन जाईल," आणि सगळे हसायचे, अक्कासुद्धा. असं चोवीस वर्षं चाललं. माझ्याकडे दुसरा विनोद नव्हता.

तर त्या रविवारी ॲक्सल ठोकळ्यांवर ठेवला होता. मधल्या गोल डब्याचं, हौसिंगचं, झाकण उघडायचं, क्राउन-पिनियनचे जुने दात काढून दुसरे बसवायचे, एवढंच काम होतं. बोल्ट गंजले होते. शेवटचा सुटला तसा आतून वास आला. तेल जुनं झालं की वास येतो, तो मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. आंबलेल्या, नासलेल्या लाकडाचा वास, जसा बंद पडलेल्या आडात येतो. मी बोट घातलं. काळा लगदा निघाला, आणि तो बोटांत चोळला तर त्यात बारीक तूस. लाकडाचा भुसा, अण्णा. ग्रीसमध्ये मळून, दातांच्या आजूबाजूला दाबून भरलेला. भुशानं तेल पिऊन टाकलं होतं आणि पिनियनचं बेअरिंग कोरडं पडून निळं झालं होतं. मला शेडबाहेर जाऊन थुंकावं लागलं.

दाजी झाकण बघत होते. झाकणाच्या कडेला, तेल गळू नये म्हणून लावलेलं पुठ्ठ्याचं जुनं गॅस्केट चिकटलेलं होतं. ते त्यांनी पातळ पात्यानं हळूच सोडवलं, रॉकेलनं पुसलं आणि उजेडात धरलं.

"पाव्हणं, हिकडं या. ह्ये तर माझंच नाव हाय."

लग्नपत्रिका होती. उरलेल्या पत्रिकांची गॅस्केटं कापायची तुमची सवय. पत्रिका लोखंडाच्या कडेवर धरायची आणि हातोडीच्या गोल तोंडानं टकटक करत कडेकडेनं कापत जायचं, कात्री न लावता. तो टकटक आवाज मी लहानपणापासून ऐकला आहे. तेलानं तपकिरी झालेल्या त्या पुठ्ठ्यावर चि. दिसत होतं, पुढे दाजींचं नाव, आणि आडनावाच्या जागी बोल्टाचं भोक.

"मेकॅनिकनं माझ्याच लग्नाची पत्रिका लावली म्हणा की," दाजी हसत म्हणाले. मग त्यांनी लगद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यो भुसा कशापायी घालत्यात?"

"आवाज दबतो. दात झिजले असले तरी काही महिने कळत नाही."

"आन् मग?"

"मग एकदम जातं."

त्यांनी गॅस्केट फडक्यावर ठेवलं. "कुणी केलं असंल?"

आणि मी म्हणालो, "दुकानातल्या एखाद्या कारागिरानं. अण्णांना न विचारता."

"असंल," दाजी म्हणाले आणि लगदा पत्र्याच्या डब्यात काढायला लागले.

किती सहज निघालं तोंडातून. देगलूरच्या पुढे तुम्हाला जेवढा वेळ लागला होता, तेवढाही मला लागला नाही. मुदखेडपर्यंतच्या परतीच्या प्रवासात मी हात तीनदा धुतले, तरी नखांतला वास जात नव्हता. मला आठवत होतं ते तुमचं दुकान. गिऱ्हाइकाच्या गाडीतून काढलेला प्रत्येक जुना भाग तुम्ही कागदात गुंडाळून त्याच्या हातात द्यायचात. "घरी न्या, पोरांना दाखवा, मग पटंल." अर्धापूरहून केळीच्या गाड्या तुमच्याकडे यायच्या त्या त्यासाठीच. मी एकदा चाकाचा एक नट पाना न लावता नुसता हातानं फिरवून तसाच ठेवला होता, तर तुम्ही सगळ्यांसमोर तो नट माझ्या तळहातावर ठेवून मूठ बंद करायला लावलीत आणि संध्याकाळपर्यंत उघडू दिली नाहीत. तुम्ही परक्याला कधी फसवलं नाहीत. फसवलं ते स्वतःच्या लेकीला, कारण मांडवासमोर गाडी गप्प उभी राहायला हवी होती. आणि जेव्हा ती बोलली तेव्हा तुम्ही एका सरळ माणसाच्या पायाला दगड म्हणालात. गाडी खराब आहे असं सांगून दिली असतीत तर काय झालं असतं? दाजींनी ती ढकलत नेली असती. त्यांना तुमच्याबद्दल एवढा आदर होता.

मागच्या रविवारी गाडी पहिल्यांदा पळवायची होती. दाजींच्या मित्राचं शहराबाहेर प्लॉटिंग आहे, आतला डांबरी रस्ता सरळ आणि एकही घर नाही. सकाळी मी टेप टाकून चारशे मीटर मोजले, चुन्याच्या दोन रेघा मारल्या. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "साहेब, ह्या रस्त्याचं बी भांडण लागलं का?" दाजी पिंजऱ्यात शिरून बसले, पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. इंजिन चालू झालं तसा सगळा पत्रा थरथरत होता. मी खिडकीशी वाकलो. हेल्मेटमधून त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"पाव्हणं, ह्यात सगळा खेळ क्लचचा हाय म्हणत्यात. माझ्याच्यानं सुटंल का नीट?"

ते मस्करी करत नव्हते. आठ-नऊ महिने खपून त्यांनी एवढी गाडी उभी केली होती, आणि सुटायच्या जागेवर त्यांना तुमचंच वाक्य ऐकू येत होतं. मी हात आत घालून किल्ली बंद केली.

"दाजी, तो भुसा कारागिरानं नाही घातला. अण्णांनी घातला. लग्नाच्या आधी. तुमच्या पायानं ती जीप गेलीच नव्हती."

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"पत्रिका बघितली तवाच कळलं हुतं मला," ते म्हणाले. "त्या गॅस्केटाला दुसऱ्या कुणाचा हात लागलाच नसता. तुम्ही कारागिरावर ढकललं, तवा मातर वाईट वाटलं. म्हणलं, ह्यो बी तसलाच."

मी खिडकीशी वाकलो होतो तो सरळ झालो.

"अक्काला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, मेलेल्या माणसावर घालायलेत." मग एकदम, "आन् आता सरका बाजूला. तापलेलं इंजिन गार करता का?"

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा मागची चाकं जागेवरच फिरून धूर झाला आणि ती तिरकी झाली. तिसऱ्यांदा सुटली. मी दुसऱ्या रेघेवर उभा होतो. आवाज आधी आला आणि मग गाडी, सरळ, दोरी लावल्यासारखी. वॉचमननं शिट्टी मारली. दाजी परत आले ते हसले नाहीत. खाली उतरून डांबरावर दोन्ही पाय जरा फाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी द्या."

अक्काला दुपारी सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं, वासासकट. तिचे हात थांबले. "चोवीस वर्षं," ती म्हणाली. "चोवीस वर्षं मी ह्या माणसाला म्हणत आले, माझ्या बापानं सोन्यासारखी गाडी दिली, तुम्हाला टिकवता आली न्हाई. भांडण कशाचं बी असू दे, शेवट मी तिथंच न्यायची." मग ती माझ्याकडे वळली. हात कोपरापर्यंत पिठाचे. "तू तवा कॉलेज बुडवून दिवसभर दुकानात असायचास. तुला कधी काही दिसलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला. ती बाहेर जाऊन दाजींच्या शेजारी पायरीवर बसली, आणि मी कणकेवर ताट झाकलं.

अण्णा, लग्नाला चार दिवस होते. तुम्ही सॉ मिलमधून भुशाचं पोतं आणायला लावलंत आणि म्हणालात, "बारीक पायजे. रवा नको, पीठ कर." मी आईची पिठाची चाळणी घेतली आणि दुकानाच्या मागच्या बाजूला बसून दुपारभर तो भुसा चाळला. कशासाठी ते मला ठाऊक होतं. त्याच्या महिनाभर आधीच दलालानं गळ्यात मारलेली एक गाडी उघडून तुम्ही मला आतला भुसा दाखवला होता आणि असं करणाऱ्याला शिवी दिली होती. मी काही विचारलं नाही. डबा भरून तुमच्या हाताशी ठेवला, चाळणी धुतली, खिळ्याला लावली. नंतर दोन दिवस भाकरीत तूस लागत होतं आणि आई दळणवाल्याला नावं ठेवत होती. मी मुकाट्यानं जेवलो.

हे मी दाजींना सांगितलेलं नाही, अक्काला तर नाहीच. माहीत होतं ते फक्त तुम्हाला. हा कागद मी मोजणीच्या जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात ठेवणार आहे, जिथं कोणी हात घालत नाही.