आईनं पाहून ठेवलेली जागा

प्रिय हनुमान,

फोनवर आपण बहीण-भाऊ एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे कागदावर लिहितेय. त्याचे फोटो काढून तुला पाठवीन. इथं तुला मध्ये बोलता येणार नाही, याचा मला थोडा आनंदही आहे. बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवणं तुला पटलेलं नाही, ठाऊक आहे. पण ती जागा कशी शोधली ते तरी ऐक. मी नुसती स्कूटर चालवली. शोधलं सगळं आईनं.

दिवाळीत तू बाबांना पाहिलंस, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्यांना धरायला चार हात होते. कंपवातानं आता त्यांचे पाय जागच्या जागी खिळतात. उंबऱ्यापाशी आले की पाऊल उचलतच नाही. घास गिळायला वेळ लागतो, घाई केली की ठसका लागतो. संध्याकाळ झाली की मेंढरं अजून आली नाहीत म्हणून दाराकडे निघतात. मागच्या महिन्यात न्हाणीत पडले. मी शाळेत होते. आईला त्यांना उचलता येईना, तर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती ओल्या फरशीवर बसून राहिली, मी येईपर्यंत. मला बघून एवढंच म्हणाली, "बरं झालं आलीस, ह्यांना थंडी वाजायली." स्वतःच्या सुजलेल्या मनगटाबद्दल अवाक्षर नाही. त्याच आठवड्यात तिनं स्वतः हा विषय काढला. म्हणाली, माझ्यानं आता ह्यांना सावरणं होत नाय, आणि एक दिवस माझ्याच हातून पडतील.

पाचोडला घर बांधलं तेव्हा तू लहान होतास. त्याआधी आपलं बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आणि खतासाठी कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या हे आपल्या घरात आई ठरवायची. शेतकरी कितीही गोड बोलला तरी ती आधी एकटी तिथं जाऊन बसायची. तिथलं पाणी प्यायची, आपली भाकरी खायची आणि दिवस मावळेपर्यंत तिथली माणसं कशी वागतात ते बघायची. केअर सेंटरही तिनं तसंच बघायचं ठरवलं. मी मोबाईलवर फोटो दाखवायला लागले, तर म्हणाली, ते राहू दे तुझ्यापाशी.

पहिलं सिडकोतलं. मला लई आवडलं होतं, काचेचं दार, कुंड्या, एसी. आई फडक्यात भाकरी-ठेचा बांधून सकाळीच तिथं जाऊन बसली. त्यांना वाटलं, हीच पेशंट. मी दुपारी बघायला गेले तर आईसाहेब पलंगावर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि एक मुलगी तिला गोळ्यांची नावं विचारतेय. मी विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "हात कसा लावतेत ते बघत होते." हात बरा होता म्हणे, पण सगळ्यांना घाई होती. ते बाद झालं. दुसऱ्या ठिकाणी उजेड असतानाच सगळ्यांना निजवलेलं होतं. तिथं तिनं भाकरीचं फडकंसुद्धा सोडलं नाही.

तिसरं पैठण रस्त्यावरचं. माहनूर नावाच्या निवृत्त नर्सबाई आणि त्यांचा भाऊ अफजल मिळून चालवतात. साधंच घर, बसकं, पण पायऱ्या नाहीत. अफजल एका म्हाताऱ्यांना भरवत होता आणि आई समोर बसून ते अख्खं जेवण बघत होती. म्हाताऱ्यांचा घास गळ्याखाली उतरल्याशिवाय त्यानं पुढचा चमचा उचलला नाही. घरी आल्यावर तिनं हातात चमचा धरून मला ते करून दाखवलं.

मग एकदा बाबांना सोबत नेलं. दिवस कलला तसे बाबा मेंढरांसाठी उठले. आपण घरी काय म्हणतो? मेंढरं कुठली आता, बसा गप. अफजल तसं काही बोलला नाही. त्यानं चप्पल घातली आणि म्हणाला, "चलो मामा, देखके आते." दारात बाबांचे पाय खिळले तर तोही थांबला, ओढलं नाही. दोघं सावकाश फाटकापर्यंत जाऊन आले आणि बाबा शांतपणे चहा प्यायला बसले. आईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच माहनूरबाईंशी घासाघीस सुरू केली. ह्यांची खाट खिडकीशी पाहिजे. दुपारची भाकरी मी रोज घेऊन येणार, नाय म्हणायचं नाय. इथून, आपल्या उस्मानपुऱ्यातल्या घरून, तिकडं जायचं कसं, हेही तिनं मला न विचारता आधीच बघून ठेवलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की फाटकाशीच तिला मिठी मारली. म्हणाली, "सोड गं, लोक बघायलेत."

आता मुद्द्याचं. परवा तू फोनवर म्हणालास की आईला बाबा जड झाले, म्हणून टाकून द्यायला निघाली. मी पोळ्या लाटत होते. फोन ओट्यावर होता आणि स्पीकर चालू होता. आई माझ्या मागेच उभी होती. दुसऱ्या दिवशी खाट तयार असल्याचा माहनूरबाईंचा फोन आला, तर तिनं सांगून टाकलं, दुसऱ्या कुणाला द्या. तेव्हापासून त्या सुजलेल्या हातानं ती बाबांना एकटीच उठवते, मला जवळ येऊ देत नाही. काल दोघं पुन्हा पडता पडता वाचले. माहनूरबाई माझ्या विनंतीवरून रविवारपर्यंत थांबल्यात. माझं आई ऐकणार नाही, कारण तिला तुझा शब्द लागलाय. तू शनिवारी ये. माफीबिफी मागत बसू नकोस, ती उलट तुझीच समजूत घालत बसेल. नुसता घरात ये, आणि बाबांची वळकटी उचल.

तुझीच,
सत्यशीलाताई