शांताबाईची विहीर आटली

१२ एप्रिल, केशोरी

शेजारच्या शांताबाईची विहीर आटली. तिच्या सासऱ्याने खोदलेली, कुठल्याच उन्हाळ्यात न आटलेली. संध्याकाळी ती घागर घेऊन आमच्या बांधावर आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमची मोटर चालून राहिली, अन् माह्या विहिरीत चिखल. काऊन जी?"

उन्हाळी धानासाठी यंदा आम्हीच बोअर आणखी खोल नेली. तेव्हा तिला विचारलं होतं का? तिची घागर भरून दिली, तर उलट तिनेच आभार मानले. तिचंच पाणी ना ते?

आणि आता आमचा पाइपही मध्येच नुसती हवा फेकतो. आणखी किती खोल जायचं? खालचं संपलं तर अख्खं गाव कुठे जाईल?

ह्यांना म्हटलं, अर्ध्या धानाचं पाणी तोडू. "धान निसवून राहिला, लोंबी बाहेर येऊन राहिली, पागल झाली का तू?" म्हणाले. मी त्यांना हाताला धरून शांताबाईच्या विहिरीवर नेलं. ह्यांनी आत खडा टाकला. पाण्याचा आवाज आला नाही. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

परतताना ह्यांनीच मोटरचा फ्यूज काढून खिशात टाकला.