ताईचा खुलासा

४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. तीन चुका होत्या, त्या पेन्सिलीने नीट केल्या. रागावू नकोस.

आमच्या पाळणाघरातल्या तुझ्या नोकरीचे अजून काही ठरलेले नाही. तू सही करून दिलीस म्हणून पडताळणीचा अर्ज पोलिसांकडे गेला आहे. तो कागद यायला वेळ लागतो. ऑफिसात मी रोज लक्ष ठेवून आहे. तोवर कॅन्टीनचे काम सोडू नकोस. भाचीचा खोकला कसा आहे? तिला गार वारा लागू देऊ नकोस.

लोभ आहे, तो वाढवावा.
तुझा धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

खोकला गेला. पोरगी आता तुझी नक्कल करते. चष्मा पुसल्यासारखं करते आणि मलाच म्हणते, जपून गं. हसून हसून पोट दुखलं.

मग आज तुमच्या ऑफिसचं पत्र आलं. पडताळणी अहवालाबद्दल माझा खुलासा मुदतीत आला नाही म्हणून अर्ज नामंजूर. कसला अहवाल? मला कुणी काही विचारलंच नाही. ती जुन्या मालकिणीच्या साखळीची केस असणार. कोर्टाने मला निर्दोष सोडलं, निकाल पेटीत आहे. विचारलं असतं तर त्याच दिवशी दाखवला असता. तू लक्ष ठेवून होतास ना रे? मग अडलं कुठे? कॅन्टीनवाल्याला मी काम सोडते म्हणून सांगून बसलेय.

माया आहे तशीच आहे.
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार करायलाही लाज वाटते.

अडले ते माझ्या ड्रॉवरमध्ये. मागचे पत्र लिहिले तेव्हा अहवाल आलेला होता. त्यात केस होती, निकाल नव्हता. आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या की नाकारण्याआधी माणसाला अहवाल दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे लागते, तसा कायदा आहे, तेव्हा आजच पाठव. मी पाकिटावर तुझा पत्ता लिहिला, तिकीट लावले, आणि चोरी हा शब्द माझ्या हातून तुझ्या घरी जाऊ नये म्हणून ते आत ठेवून दिले. आधी बाईंशी बोलू म्हटले. धीर झाला नाही. मुदत गेली.

तुझे पत्र आल्यावर बाईंना सगळे सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच विचारले, की बहिणीने साखळी घेतली असेल असे तुलाही वाटत होते का. मला पटकन नाही म्हणता आले नाही. ताई, तो निकाल मी कधी वाचलेलाच नाही.

न विचारता दिलेला नकार म्हणून तो रद्द झाला. तुझे उत्तर येईपर्यंत जागा कुणाला देणार नाहीत. पडताळणीचे काम माझ्याकडून काढून घेतले, ते योग्यच झाले. अहवाल सोबत आहे. निकालाची प्रत बाईंना पाठव. मला नको, ती मागायला मला तोंड नाही.

हवे तितके बोल, पण पत्र बंद करू नकोस.
तुझा धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या खेपेला जरा हात आखडून.

खुलासा लिहिलाय. चुका असतील. तशाच बाईंच्या हाती दे, पेन्सिल लावायची नाही. निकालाच्या दोन प्रती काढल्या. एक बाईंची, दुसरी तुझी. शेवटचं पान आधी उघडू नकोस. पहिल्यापासून वाच, मग मला लिही.

लोभाचं त्यानंतर बघू.
ताई