अलिनाफेने न पाहिलेला देश

९ जुलै
निर्णय झाला. ऑगस्टच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन फिरायला जायचं. मी, बायको अलिनाफे, मुलगी टिओन्गे, धाकटा लुम्बानी आणि सासूबाई. हॉटेल नाही. हॉटेलात माणसं आपापल्या खोलीत शिरतात आणि फोन बघत बसतात. भाड्याचं घर घ्यायचं. बसायला एकच खोली असलेलं, म्हणजे कुणाला उठून कुठे जाता येणार नाही.

कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. अलिनाफेला लेस्टरच्या एका हॉस्पिटलाकडून नोकरीचं पत्र आलंय. तिच्या वॉर्डातल्या निम्म्या नर्सेस इंग्लंडला गेल्याच आहेत. लाट आहे, ओसरेल. मी घाबरलेलो नाही. विमा कंपनीत क्लेम बघतो मी. बुडालेल्या होड्या आणि उलटलेल्या मिनीबस रोज टेबलावर येतात. घाबरणाऱ्याचं हे कामच नव्हे.

११ जुलै
योजनेचा गाभा सापडला. दुपारी ऑफिसात, एका जळालेल्या गिरणीची फाइल बघताना. प्रसिद्ध ठिकाणं अजिबात घ्यायची नाहीत, ती तिने पाहिलीत. माणूस पाहिलेलं सोडून जातो. पाहायचं राहिलेलं सोडून कोण जाईल? मलावीत कुणी ऐकलंही नसेल अशी ठिकाणं काढायची आणि तिला दाखवत सुटायचं. तिलाच वाटलं पाहिजे की अजून इथलंच संपलेलं नाही, परदेश कशाला.

आज चार कप चहा झाला. उद्यापासून दोन.

१५ जुलै
घरं शोधतोय. फोटोत सगळीच छान दिसतात. पहिल्या मालकाला विचारलं, साप निघतात का? त्याने कळवलं, कधी कधी. ते घर बाद. दुसऱ्याने कळवलं, छे, कधीच नाही, आणि तेही मिनिटभरात. इतक्या लगेच उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवतो. तेही बाद. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. त्याचं घर घेतलं.

अलिनाफेला बेत सांगितला. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, जाऊ या, मुलांच्या आठवणीत राहील. चांगली खूण आहे.

२२ जुलै
पत्राचा विषय पुन्हा निघालेला नाही. म्हणजे संपला.

तिने जुन्या कपड्यांच्या बाजारातून एक जाड कोट आणलाय. घोट्यापर्यंत येतो. सरोवरावर पहाटे वारा बोचतो म्हणा. दूरदृष्टीची बाई आहे. छातीत जरा धडधडलं. चहा.

२७ जुलै
या आठवड्यात रोज टिओन्गे मक्याच्या पिठाची न्सिमा रांधतेय. अलिनाफे स्टुलावर बसून नुसत्या सूचना देते. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, आज बरी जमली. सोळा वर्षांची मुलगी, शिकायलाच हवं. वेगळं काही नाही.

सासूबाई आल्या होत्या. जावयाशी थेट बोलायचं नाही ही जुनी रीत त्या कडक पाळतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांचा शब्द माझ्यापर्यंत नेहमी तिसऱ्याच्या तोंडून येतो. सध्या हे काम नऊ वर्षांच्या लुम्बानीकडे आहे. आज त्याच्यामार्फत विचारणा झाली की तुमच्या मागच्या खोलीला खिडकी आहे का. मी त्याच मार्गाने कळवलं, आहे, पण अडकते. त्यावर निरोप आला, तेल घाला. म्हातारपणी माणसाला कशाचीही उत्सुकता वाटते.

३ ऑगस्ट
पेट्रोल नाही. सकाळपासून रांगेत. माझ्या पुढच्या गाडीतला माणूस गप्पिष्ट निघाला. त्याची बहीण आयर्लंडला गेली, म्हाताऱ्यांची देखभाल करते. मुलं फोनवर तिला आई म्हणायच्याऐवजी मावशी म्हणतात, सवय झाली, असं तो हसत हसत सांगत होता. मी गाडी काढली आणि दुसऱ्या पंपावर रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. तिथलं पेट्रोल माझ्या आधीच संपलं.

हाताला घाम येतोय. ऊन.

१० ऑगस्ट, सकाळी
पेट्रोल ऑफिसातल्या एकाने दिलं. निघतोय. संकल्प: शांत राहायचं, चेहरा हसरा ठेवायचा, गाडी ऐंशीच्या वर न्यायची नाही.

१० ऑगस्ट, संध्याकाळी, लिवोन्डे
साठच्या वर नेली नाही. वाटेतले तीन ट्रक ज्या पद्धतीने चालले होते, ते तिन्ही मी क्लेमच्या फायलीत पाहिल्यासारखे होते. टिओन्गे म्हणाली, बाबा, आपल्याला आत्ता सायकलवाल्याने मागे टाकलं. त्याच्या सायकलवर कोळशाची पोती होती.

घर ठीक. माळ्यावर वटवाघळं आहेत. मालकाने उत्तर का दिलं नाही ते कळलं.

११ ऑगस्ट
आज पहिलं अप्रसिद्ध ठिकाण. एक प्रचंड गोरखचिंच, आतून पोकळ. पूर्वी महारोग्यांना त्या ढोलीत सोडत, आत अजून हाडं आहेत. वाचताना मला हे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटलं होतं. समोर उभं राहिल्यावर वाटलं नाही.

सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. लुम्बानीने निरोप आणला, 'आजी म्हणते, मेलेल्यांच्या घरी कुणी बोलावल्याशिवाय जात नाहीत.' मीही उंबऱ्याबाहेरच थांबलो, गाडीकडे लक्ष ठेवायला. अलिनाफे मात्र ढोलीत वाकून बराच वेळ बघत होती. मग तिने वाटाड्याला विचारलं, यांच्या घरचे भेटायला येत असतील का? तो म्हणाला, लांबून यायचे म्हणतात, खायला ठेवून जायचे.

मी वटवाघळांवरून एक विनोद केला. कुणी हसलं नाही. पहिलंच ठिकाण आहे. उद्या सरोवर.

१२ ऑगस्ट
मुक्काम हलवला, सरोवराकाठचं दुसरं घर. फोटोत खिडकीतून पाणी दिसत होतं. प्रत्यक्षात पाण्याच्या टाकीवर चढलं की दिसतं. राखणदार बाम्बो कासिमु, वयस्कर, सौम्य. त्यांनी सांगितलं, फोटो टाकीवरूनच काढलाय.

दुसरं अप्रसिद्ध ठिकाण म्हणजे एक खडकाळ बेट, होडीने जायचं होतं. पण दक्षिणेचा वारा सुटलाय, लाटा उंच आहेत, होड्या ओढून वाळूवर ठेवल्यात. मी खूप हळहळलो, मोठ्याने. अलिनाफे म्हणाली, 'टिओन्गेचे बाबा, तुम्हाला बरं वाटतंय हे दिसतंय.' मी म्हटलं, अजिबात नाही. मग झोपायला गेलो आणि दुपारी छान झोप लागली.

पाण्यात उतरू नका असं सगळ्यांना सांगितलंय. मगरी, शिवाय पाण्यातले जंतू. मुलं उतरली. त्यांची आईही उतरली.

१३ ऑगस्ट
काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

दिवस मावळताना आम्ही व्हरांड्यात जेवायला बसलो होतो. अंगणाच्या कडेचं झुडूप हललं आणि पाणघोडा आत आला. चित्रात दिसतो त्याच्या दुप्पट. गवत खायला लागला. बाम्बो कासिमु दबक्या आवाजात म्हणाले, बसून राहा, तो खाऊन जाईल.

अशा वेळी कुणीतरी गाडी तयार ठेवायला हवी. इतर कुणाला हे सुचलं नाही. मी व्हरांड्याच्या मागच्या बाजूने गाडीत गेलो, दारं लावली, काचा वर घेतल्या, कुलूप लावलं. चारही कुलपं एकदम लागतात, त्यात माझा हेतू काही नव्हता.

काचेतून ते चौघं दिसत होते. सासूबाईंनी लुम्बानीला मांडीवर ओढलं होतं. टिओन्गेने आईचा हात धरला होता. अलिनाफे त्या जनावराकडे बघत होती आणि मधेच एकदा तिने गाडीकडे बघितलं. मी हात हलवला. मग ती पुन्हा जनावराकडे बघायला लागली.

ते केव्हातरी निघून गेलं. लुम्बानी काचेवर टकटक करून म्हणाला, बाबा, गेला तो. माझे पाय जरा आखडले होते. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. मी गाडीत का होतो हे मी स्वतःहून समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

१४ ऑगस्ट
सकाळी सासूबाई शेंगा सोलत होत्या. मी जवळच खुर्चीवर, नकाशा घेऊन तिसरं ठिकाण बघत होतो, डोंगरावरचा एक पडका किल्ला. सासूबाई शेंगांकडे बघत म्हणाल्या, 'लुम्बानी, बाबांना सांग, आई गेली की मी तुमच्या मागच्या खोलीत येऊन राहीन. त्यांनी भिऊ नये.'

लुम्बानी दोन पावलं चालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. 'बाबा, आजी म्हणते, आई इंग्लंडला गेली की ती आपल्याकडे राहायला येणार. भिऊ नका.'

मी त्याला म्हटलं, आजीला विचार, आई जाणार असं कोण म्हणालं?

तो वळायच्या आधी सासूबाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

'सगळ्यांना माहीत आहे, जावईबापू,' त्या म्हणाल्या.

नंतर

अलिनाफे काठावर होती, घोटाभर पाण्यात. वारा पडला होता. मी कोरड्या वाळूवर थांबून विचारलं, कधी ठरलं?

'जूनमध्ये सही केली.'

म्हणजे बेत आखायच्या आधी. घरं शोधायच्या आधी. मी म्हटलं, मग या सगळ्याला हो का म्हणालीस?

'तुम्ही इतकं मन लावून शोधत होता. मला बघायचं होतं, काय काय दाखवता.'

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? मला वाटलं, कालचं काढेल. तिने ते काढलं नाही.

'मलाही भीती वाटते,' ती म्हणाली. 'विमानाची वाटते, तिथल्या थंडीची वाटते. लुम्बानी मला विसरेल याची तर इतकी वाटते की वॉर्डात औषध मोजताना हात थांबतो. पण तुमच्याजवळ बोलायची सोय नाही. मी घाबरायच्या आधी तुम्ही घाबरून बसता. मग तुम्हालाच धीर द्यावा लागतो. माझं राहून जातं.'

मी म्हटलं, मी घाबरत नाही, काळजी घेतो.

ती हसली नाही, रागावलीही नाही. 'या, पाण्यात या,' म्हणाली.

मी चपला काढल्या. एवढंच झालं. त्या हातात घेऊन वाळूवर उभा राहिलो, ती बाहेर येईपर्यंत.

१६ ऑगस्ट, ब्लान्टायर
परत आलो. किल्ला राहिला. येताना गाडी अलिनाफेने चालवली. माझं डोकं दुखत होतं. मागच्या खोलीच्या खिडकीला तेल घातलं.

२४ ऑगस्ट
संकल्प: जायचा विषय निघाला की घाबरायचं नाही, फक्त ऐकायचं. आज प्रयोग केला. ती म्हणाली, विमान दोनदा बदलायचं आहे, मधल्या विमानतळावर वाट चुकेन असं वाटतं. मी सांगायला लागलो की माणसं कशी हरवतात. मग आठवलं आणि थांबलो. विचारलं, अजून कशाची भीती वाटते? तिने सांगितलं. बरंच होतं. मला दोनदा उठून जावंसं वाटलं, पण ते मी तिला कळू दिलं नाही.

म्हणजे मला वाटतं, कळलं नाही. मधेच तिने मला पाणी आणून दिलं.

५ सप्टेंबर
अलिनाफे म्हणाली, 'तुम्हाला घरं शोधता येतात. मला तिकडे पहिल्या महिन्यापुरती खोली बघून द्या.' मला बरं वाटलं. या घरात हे काम माझ्याइतकं कुणाला जमत नाही.

संध्याकाळी टेबलाशी बसलो. लेस्टर, हॉस्पिटलच्या जवळ, चालत जाता येईल असं. जिना अरुंद नको, शेगडी गॅसची नको, मालकीणबाई तिथेच राहत्या असाव्यात. टिओन्गे स्वयंपाक करत होती, लुम्बानी शेजारी उभा राहून फोटो बघत होता. वेबसाइटवर विचारतात, किती माणसं? मी सवयीने पाच लिहिलं. एकही जागा सापडेना. भाग बदलून पाहिला, तारखा बदलून पाहिल्या. अख्ख्या गावात काही नाही. मला वाटलं, चला, नाहीच मिळत, आपण तरी काय करणार. तिला सांगायला उठलोही.

लुम्बानी म्हणाला, बाबा, एक लिहा ना.

एक लिहिलं. पहिल्याच पानावर खूप खोल्या निघाल्या.