अडवलेला एकच फोन

अहो,

दोन महिने घरातलं वायफाय माझ्याच मोबाईलवर चालंना. विचारलं की तुमी म्हणायचे, "केबलवाल्याचं काम हाय, मी काय करू?" आज मी त्यालाच घरी बोलावलं. त्यानं राऊटरची सेटिंग उघडून दाखवली. अडवलेल्या फोनांच्या यादीत एकच फोन होता, माझा. अडवल्याची तारीख माझ्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीची. घरात रेंज येत न्हाई, हे तुमाला ठाऊक होतं. त्या दिवशी मी रडत बसले, तवा तुमीच मला पाणी आणून दिलं.

माझा फोन यादीतून काढलाय. पिंकीला घेऊन सोनपेठला आईकडं जायलेय. वरण झाकून ठेवलंय.

पिंकी विचारायलीय, "पप्पाला हे नीट करता येत न्हवतं का?" तिला काय सांगायचं, ते तुमीच ठरवून ठेवा.

सत्यशीला