तितरांसाठी ठेवलेला मका

अँसेल, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर

प्रिय लोवेलकाका,

प्रभूच्या नावानं सलाम. आम्ही सगळे मजेत आहोत. तूही असशीलच, नसलास तर लवकर हो. झालं, रीत पाळली. आता आई विचारेल तेव्हा सांगता येईल की नीट सुरुवात केली होती म्हणून.

फोन करायचा सोडून ही पोरगी कागद का खरडतेय, असं वाटेल तुला. फोनच केला असता, पण मी बोलायचं नाही असं ठरलंय. ते पुढं येईल. आधी बातम्या.

आईचा गुडघा तसाच आहे, म्हणजे पाऊस यायच्या आधी आम्हाला कळतो. चर्चच्या तळघरातली भट्टी पुन्हा बंद पडली. तुझ्या जागी आलेला नवा पाळक तरुण आहे, चांगला आहे, घड्याळ बघून उपदेश संपवतो. इतकं वेळेत कुणी सुटलं नव्हतं आजवर, त्यामुळं जेवायच्या टेबलांवर अजून कुणी चादरीसुद्धा टाकलेल्या नसतात. बायका चिडल्यात.

मला काम लागलं. कॉलेज मी सोडलं की कॉलेजनं मला, यावर आपल्या घरात दोन मतं आहेत, पण उन्हाळाभर मी सोसायटीसाठी पिकं बघत फिरले. काम असं की लोकांच्या शेतात शिरायचं, पानं उलटी करून बघायची, चार रोपं उपटून मुळं बघायची आणि कीड किती, रोग किती, फवारायला लागेल का ते मालकाला सांगायचं. तू हसशील. ज्या पोरीला रविवारच्या शाळेत तू कधी एका जागी बसवू शकला नाहीस, तिला लोक चालायचे पैसे देतात.

माझा साहेब व्हर्न क्लासेन, तोच तो, ओठ न हलवता बोलतो. पहिल्या दिवशी मी गाडीतूनच एक शेत बघितलं आणि म्हटलं, "झकास आहे, पुढं चला."

"उतर," व्हर्न म्हणाला. "काठाच्या ओळी खोटं बोलतात."

"मका खोटं बोलतो?"

"काठाचा बोलतो. त्याला ऊन वेगळं, वारा वेगळा, धूळ वेगळी. वर रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्यालाच बघतो. आत जा. आपण हरवलो असं वाटलं की थांब. तिथलं खरं."

हे लक्षात ठेव. मी ते फक्त मक्यापुरतं ठेवलं, म्हणून पुढं माझी फजिती झाली.

हो, आणि रॉइस टिलमन. निवडून येऊन वर्ष होत आलं तरी त्याच्या फोटोच्या प्रचारपाट्या अजून रस्त्याकडेला आहेत. वसंतात मी त्यातल्या एकीवर दाढी काढली. चांगली लांब, छातीपर्यंत. वाटलं बोंब होईल. कसली बोंब! मिसेस हायनमन आईला म्हणाली, "रॉइसचा नवा फोटो बघितलास? अगदी संदेष्ट्यासारखा दिसतो." रॉइसला कळलं तेव्हा तो मला म्हणाला, "पोरी, मिशी पण जरा भरीव काढायची." अशा माणसाची खोडी काढायची तरी कशी? काका, तुला राग येईल, पण मला तो आवडतो. गारपीट झाली तेव्हा आपल्या अंगणात पहिला ट्रक त्याचाच आला होता. बाबा तेच धरून बसलेत. "ज्यानं आपलं छप्पर शाकारलं त्याला पाठ दाखवू?" म्हणतात. कुणी विचारलेलं नसताना म्हणतात.

आपल्या दक्षिणेच्या एकशेसाठ एकरांच्या कोपऱ्यावर रॉइसची सगळ्यात मोठी पाटी आहे. अजून आहे. मी एकदा म्हटलं, "बाबा, निवडणूक संपली, काढूया का?"

"राहू दे."

"कशाला?"

"काढली तर लोक विचारतील का काढली. लावली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

आता ज्याच्याभोवती मी घिरट्या घालतेय तिथं येते. चर्चच्या मंडळीच्या सभेचा तो दिवस. तू म्हणाला होतास, रॉइसला निवडणुकीच्या आधीच्या रविवारी व्यासपीठावरून बोलू देणार नाही, तो रॉइस आहे म्हणून नाही, कुणीच असता तरी नाही, इथून एकच नाव घेतलं जातं. आणि लोक म्हणाले, म्हणजे हा तिकडच्या पक्षाचा. तू आयुष्यभर कुणाला मत दिलंस ते मला माहीत आहे, कारण आजी सांगायची. तू तेवढं एक वाक्य बोलला असतास तर सगळे गप्प झाले असते. बोलला नाहीस. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आता कळतं की ते बोलला असतास तर तू त्यांचंच म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं.

मग उभं राहून मत द्यायला सांगितलं, पाळक बदलावा असं ज्यांना वाटतं त्यांनी. बाबा शेवटी उभे राहिले. तू समोर होतास, तुला त्यांचा चेहरा दिसला. मी मागच्या बाकावर होते. मला त्यांचा हात दिसला. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी अशी धरली होती, जणू गाडी उतारावरून सुटलीय आणि हेच एक दांडकं आहे. बस, एवढंच. उभे राहिले ते राहिलेच, ते मी बदलू शकत नाही. पण तू फक्त एका बाजूनं बघितलंस.

नाताळला तू मिनेसोटाहून फोन केलास तेव्हा बाबा गोठ्यात गेले. गोठ्यात एकही जनावर नाही, काका. तीन वर्षांपूर्वीच विकली.

आता ऑगस्ट. मक्यावर तांबेरा आला, केशरी भुकटी, पानांतून चाललं की सदरा, हात, भुवया सगळं केशरी. पसरत होता जोरात, म्हणून व्हर्ननं रविवारीसुद्धा पाठवलं. आई म्हणाली, "शब्बाथ आहे." मी म्हटलं, "तांबेऱ्याला सांग." आपलंच शेत घेतलं आधी. बाबा घरी नव्हतेच. दर रविवारी दुपारी जेवण झालं की ते पाण्याचं यंत्र बघून येतो म्हणून दक्षिणेच्या शेतात जातात. पाऊस पडत असला तरी पाणी बघायला जातात. माझ्या डोक्यात कधी आलं नाही, आणि म्हणे मी चलाख.

मका डोक्याच्या वर. पानांनी हात कापले जात होते तरी आत आत गेले. हरवल्यासारखं वाटलं, थांबले. आणि गाणं ऐकू आलं. पुरुषाचा आवाज, बेसूर, चर्चमधल्या स्तोत्राची चाल. मी म्हटलं, हायनमनांची पोरं बिअर घेऊन बसलीत आणि नाटकं करतायत. तुला माझा स्वभाव माहीत आहे. ओणवी झाले, ओळींमधून सरकत जवळ गेले, आणि काढला आवाज. कोल्ह्याचा. लांब, वर चढत जाणारा. तूच शिकवलेला.

धाडकन काहीतरी पडलं. "कोण आहे?"

"कोल्हा," मी म्हटलं, कारण तोवर आवाज ओळखला होता आणि दुसरं काही सुचेना.

बाबा चिखलात बसलेले. शेजारी बियाण्याची रिकामी बादली आडवी, त्यांची टोपी त्याहून लांब. आणि चिखलातून, शपथ घेत नाही पण खरं सांगते, चिखलातून तू बोलत होतास. मोबाईल तोंडावर पडला होता आणि त्यावर तुझ्या मिनेसोटातल्या सकाळच्या उपासनेचं रेकॉर्डिंग चालूच होतं.

तू बोलत होतास. मग तू म्हणालास, "आता शेजाऱ्याला शांती द्या." तुझ्या चर्चमध्ये बाकं वाजली, लोक एकमेकांकडे वळल्याचा तो आवाज आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढं केला. माझा केशरी, त्यांचा चिखलाचा.

"तुला शांती असो," ते म्हणाले.

"तुम्हालाही," मी म्हटलं. मला रडू आलं, पण ते परागामुळं पण येतं, म्हणून चाललं.

मग विचारलं, "मी आले नसते तर शांती कुणाला देता?"

"मक्याला," बाबा म्हणाले. "दुसरं कोण आहे इथं?"

घरी येताना वाटेत थांबले. "डार्सी, लोवेलला कळता कामा नये. शपथ घे."

"शपथ घेऊ नका असं शास्त्रात आहे. तुमच्याच भावानं पाठ करून घेतलंय."

"मग शब्द दे. बोलणार नाहीस."

"बोलणार नाही," मी म्हटलं. आणि बोललेले नाही. बघ, हे सगळं हातानं चाललंय, तोंड बंद आहे.

त्यानंतर एकाही रविवारी मी त्या शेताकडं फिरकले नाही. व्हर्ननं विचारलं, तुझ्या घरचं शेत पुन्हा का बघितलं नाहीस? म्हटलं, आतून बघितलंय, निरोगी आहे. फवारणी मात्र तुमच्या मनानं करा. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, पण व्हर्न तो व्हर्न.

आता मी इतके दिवस थांबून आजच का लिहितेय.

परवा दक्षिणेचं शेत काढायला घेतलं. मी धान्याची गाडी चालवत होते. हार्वेस्टर घेऊन बाबा जात होते येत होते, आणि मला वाटत होतं, संपलं आता. मका गेला की ते बसणार कुठं? घरात आई आहे, गाडीत काचा आहेत, मोकळ्या शेतात तर दोन मैलांवरून माणूस दिसतो. मग मधल्या भागात आल्यावर हार्वेस्टर वळला. वळायचं कारण नव्हतं. वळसा घालून पलीकडं गेला. परत आला, परत वळला. सगळं शेत भुईसपाट, आणि मधोमध एक चौकोन उभा. आपल्या स्वयंपाकघराएवढा असेल.

बाबा लपायची जागा राखायला गेले आणि आता तालुक्यात सगळ्यात ठळक दिसते ती तीच. वरच्या रस्त्यावरून दिसतं, खालच्या रस्त्यावरून दिसतं. पाटीकडं आता कुणी बघत नाही, सगळे चौकोनाकडं बघतात. सोसायटीत विचारतात, "तुझ्या बापाचं डिझेल संपलं का?"

काल रॉइस आला. गाडी उभी केली, खिडकीतून कोपर बाहेर.

"ऑरिन, यंत्र बिघडलं का?"

"नाही."

"मग ते काय ठेवलंयस?"

"तितरांसाठी," बाबा म्हणाले.

रॉइसनं तिकडं बघितलं. मी धान्याच्या गाडीच्या मागं उभी होते. त्याची नजर चौकोनापर्यंत गेलेल्या पायवाटेवर गेली. मळलेली वाट आहे, काका. तितरं काही रबरी बूट घालून चालत नाहीत.

"माझी बायको पण ऐकते तो रविवारचा, मिनेसोटाचा उपदेश," रॉइस म्हणाला. "भांडी घासताना. मला ऐकू येत नाही असं समजते बहुतेक." मग गाडी सुरू केली. "बर्फ पडायच्या आत यायला हवीत रे तुझी तितरं. वाऱ्यानं पडेल सगळं."

बाबांनी टोपी जरा उचलली. एवढंच बोलणं झालं दोघांचं.

रॉइस गेल्यावर बाबा घराकडं गेले आणि मी चौकोनात शिरले. आता पानं वाळलीत, आत कागदासारखी वाजतात. बाबांची बादली होती तिथंच, पालथी, वर चपटी झालेली फाटकी गादी बांधलेली. आणि समोर दुसरी बादली. नवी, धुतलेली. तिच्यावर पण गादी बांधलेली, आणि ती फाटकी नाही, ती बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीची आहे, जी आई सोमवारपासून शोधतेय.

मला वाटलं, माझ्यासाठीच आहे. कुणाला वाटणार नाही? त्या दिवशी शांती मीच घेतली होती ना. म्हणून बसले. मस्त आहे, पाठीला मक्याचा आधार मिळतो. तेवढ्यात बाबा परत आले, हातमोजे विसरले होते. मला बघून रागावले नाहीत. वाट बघत उभे राहिले, मी काही हलेना तेव्हा म्हणाले,

"ऊठ, पोरी. ती तुझी नाही."

मी विचारलं नाही कुणाची. त्यांनी सांगितलं नाही. ते पत्र लिहिणार नाहीत, फोन करणार नाहीत, तुझ्यासमोर आले तर हवामानावर बोलतील. त्यांना जे सांगायचं ते त्यांनी दहा फूट उंच उभं करून ठेवलंय. वारा वाढलाय. कालपासून कडेची ताटं वाकायला लागलीत.

रविवारी तुझी सकाळची उपासना आटोपून निघालास तर उजेडात पोचशील, बाबा अंधार पडेपर्यंत तिथंच असतात. घरी येऊ नकोस आधी. दक्षिणेच्या शेताला ये, पाटीपाशी गाडी लाव, वाट दिसेलच. आत शिरायच्या आधी कोल्ह्याचा आवाज काढ, म्हणजे त्यांना वाटेल मीच आहे आणि ते पळणार नाहीत.

आईचा सलाम. तिला या पत्रातलं काही माहीत नाही, पण तिनं तुझ्या आवडीचं राय पिठाचा पाव करायला घेतलाय, आणि का ते ती सांगत नाही.

तुझी,
बादलीवरून उठवलेली,
डार्सी